आजार जहाजावरचा की आधीचा?

विंचच्या (दोर ओढणाऱ्या यंत्राच्या) दोरात हात सापडून बोटे गेली, तर ती कामामुळे गेली की नाही यावर फारसा वाद होत नाही. घटनेची तारीख असते, वेळ असते, पाहणारे दोघेतिघे असतात आणि कॅप्टनने त्याच दिवशी लिहिलेला अहवाल असतो. वाद होतो तो हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब, सरकलेली मणक्यातली चकती, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग अशा आजारांवरून, कारण ते नेमके कोणत्या दिवशी सुरू झाले हे ना रोग्याला सांगता येते, ना डॉक्टरला. जहाजमालकांच्या वतीने विमा उतरवणाऱ्यांसाठी असे दावे वाचून त्यांवर टिपणे लिहिणे हे माझे काम आहे. माझ्या पगाराची बाजू कोणती हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढे जे लिहिते आहे ते सगळे त्या बाजूला रुचणारे नाही.

या विषयावरचे सर्वांत तपशीलवार कायदेशास्त्र फिलिपिन्समध्ये घडले आहे. जगाच्या व्यापारी जहाजांवर फिलिपिनो मनुष्यबळ फार मोठे आहे, आणि परदेशी जहाजावर चढणाऱ्या त्यांच्या प्रत्येक माणसाला, मग तो कॅप्टन असो की जेवण वाढणारा मेसमन, सरकारने ठरवून दिलेला एकच मानक करार लागू होतो. पूर्वी हे काम परदेशी रोजगार प्रशासनाकडे (इंग्रजी आद्याक्षरांनी पीओईए) होते, आता ते स्थलांतरित कामगारांच्या खात्याकडे आहे. पण वकील आणि क्लेम्सवाले अजूनही त्याला जुन्याच नावाने, ‘पीओईए करार’ म्हणूनच ओळखतात. सध्या चालतात त्या बहुतेक खटल्यांच्या मुळाशी त्याची २०१० ची आवृत्ती असते. त्यात अपंगत्वाच्या चौदा श्रेणी आहेत. ५०,००० अमेरिकी डॉलर ही आधाररक्कम धरून पहिल्या श्रेणीला तिच्या १२० टक्के, म्हणजे ६०,००० डॉलर मिळतात, आणि चौदाव्या श्रेणीला ३.७४ टक्के, म्हणजे १,८७० डॉलर. आजार कामाशी संबंधित नाही असे ठरले, तर यातले काहीच मिळत नाही. एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब ‘संबंधित’ या एका विशेषणावर टांगलेला असतो तो असा.

कराराच्या ३२-अ कलमात व्यावसायिक आजारांची यादी आहे. यादीत नसलेला आजारही कामाशी संबंधित आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नाही हे कंपनीने दाखवावे, असे विसावे कलम सांगते. वाचताना वाटते की खलाशाचे काम सोपे झाले. प्रत्यक्षात तसे होत नाही. त्याच ३२-अ कलमात चार अटी आहेत: कामात त्या आजाराचा धोका असला पाहिजे, आजार त्या धोक्याशी संपर्क आल्यामुळे झालेला असला पाहिजे, तो होण्यास पुरेल इतका काळ आणि तशी परिस्थिती असली पाहिजे, आणि खलाशाचा स्वतःचा ढळढळीत निष्काळजीपणा नसला पाहिजे. ऑगस्ट २०१७ मधल्या निकालांत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या दोन गोष्टींची फोड केली. गृहीतक आहे ते फक्त आजार कामाशी संबंधित असण्याचे. भरपाईस पात्र असण्यासाठी या चार अटी पूर्ण होतात हे खलाशानेच पुराव्यानिशी दाखवायचे. त्यांपैकी एक निकाल आतिएंझा नावाच्या खलाशाचा होता. त्याला डोळ्यामागच्या भागात तीव्र वेदना देणारा, क्वचित आढळणारा टोलोसा-हंट नावाचा विकार झाला होता, आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. तरीही त्या निकालातली फोड पुढे कंपन्यांच्याच जास्त कामी आली आहे, असे माझे मत आहे. गृहीतकामुळे पुराव्याचा भार कंपनीवर जातो, आणि चार अटींमुळे त्याच भाराचा मोठा भाग पुन्हा खलाशाच्या खांद्यावर येतो. दोन्ही बाजूंचे वकील एकाच निकालातले दोन वेगळे परिच्छेद उद्धृत करतात आणि दोघांचेही म्हणणे बरोबर असते.

अर्थात किती पुरावा पुरेसा, याबाबत तिथली न्यायालये उदार आहेत. काम हे आजाराचे एकमेव कारण असण्याची गरज नाही. आजार होण्यात किंवा तो बळावण्यात कामाचा थोडासाही हातभार असला तरी चालते, आणि खात्री नव्हे, संभाव्यता पुरते, हे सूत्र तिथे वारंवार सांगितले गेले आहे. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे विलामातेर या चीफ इंजिनिअरचा २०१० मधला खटला. त्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. इंजिन रूममधल्या कामाने आतड्याचा कर्करोग होतो असे कोणी म्हणत नव्हते. न्यायालयाने बोट ठेवले ते जेवणावर. जहाजावर जे शिजते तेच खावे लागते. त्यात तांबडे मांस आणि चरबी जास्त, तंतुमय पदार्थ कमी. महिनोन्‌महिने हाच आहार घेतल्याने धोका वाढला, हे न्यायालयाने मान्य केले आणि भरपाई दिली.

आमच्या बाजूला या निकालाची आजही टर उडवली जाते. ‘उद्या खारट लोणच्याचेही पैसे मागतील,’ हे वाक्य मी बैठकीत ऐकलेले आहे. मला मात्र तो निकाल जहाजावरच्या नोकरीचे स्वरूप बरोबर ओळखणारा वाटतो. किनाऱ्यावरच्या कारखान्यात काम संपल्यावर माणूस घरी जातो. त्याने घरी काय खाल्ले, किती झोपला, कोणाशी बोलला याला मालक जबाबदार नसतो. जहाजावर मालकच कामाचे तास ठरवतो, मालकच जेवण देतो, मालकच बिछाना देतो, आणि तो बिछाना बऱ्याचदा मुख्य यंत्राच्या कंपनांवर हलत असतो. डॉक्टर हजारो मैलांवर असतो. जहाजावर ज्याला प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मिळालेले असते तो सेकंड ऑफिसर दूरसंचारावर त्याचा सल्ला घेऊन गोळ्या देतो. अशा ठिकाणी काम कुठे संपते आणि खासगी जीवन कुठे सुरू होते याची रेघ काढायचीच, तर ती फार पुढे काढावी लागेल. तरीही विलामातेरचा निकाल म्हणजे आहाराचे कारण दिले की पैसे मिळतात असे नाही. नंतरच्या कित्येक खटल्यांत ‘जहाजावरचे जेवण वाईट होते’ असे नुसते विधान केले आणि त्यापलीकडे काहीच दाखवले नाही, म्हणून दावे फेटाळले गेले आहेत. जेवणाचा मुद्दा मांडायचा तर मेनूची पाने, स्टोअरमध्ये आलेल्या मालाच्या याद्या, निदान बरोबर काम केलेल्या कोणाचे प्रतिज्ञापत्र हवे. हे सगळे कागद कोणाकडे असतात, हे वेगळे सांगायला नको.

हृदयविकाराचे कलम जरा सावकाश वाचण्यासारखे आहे. नोकरीच्या काळात हृदयविकार असल्याचे आधीच माहीत असेल, तर कामातल्या असाधारण ताणामुळे तो एकाएकी बळावला हे दाखवावे लागते. तो ताण पुरेसा तीव्र असावा लागतो आणि त्यानंतर चोवीस तासांच्या आत हृदयावर आघात झाल्याची लक्षणे दिसावी लागतात. आधी काहीच लक्षण नसलेल्या माणसाला काम करताना त्रास सुरू झाला आणि तो टिकून राहिला, तर कार्यकारणसंबंध मानणे वाजवी आहे असेही हेच कलम म्हणते. २०१० च्या आवृत्तीत आणखी एक अट आली: ज्याला रक्तदाब किंवा मधुमेह असल्याचे ठाऊक आहे, त्याने सांगितलेली औषधे नियमित घेतली आणि डॉक्टरांनी सुचवलेले बदल पाळले हे दिसले पाहिजे. वैद्यकीयदृष्ट्या यात वावगे काही नाही. पण कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादी घटना होती असे दिसते: कोणी जड झडप उघडायला गेला आणि छातीत कळ येऊन कोसळला. प्रत्यक्षात फाइलींमध्ये अशी घटना क्वचितच सापडते. सापडतो तो एक थर्ड इंजिनिअर, ज्याने एकामागून एक बंदरे आल्याने कित्येक आठवडे सलग सहा तासही झोप घेतलेली नाही, आणि ज्याला शेवटी बंकरिंगनंतरच्या, म्हणजे जहाजात इंधन भरून झाल्यानंतरच्या, एका अगदी सामान्य दिवशी, चहा पिताना, घाम फुटतो. ताण ‘असाधारण’ होता का? जहाजावर तो रोजचाच होता, म्हणून साधारणच म्हणायचा, असा युक्तिवाद कंपनीचे वकील करतात. आणि तो शब्दांना धरूनच असतो.

इथेच विश्रांतीच्या तासांची नोंद पुढे येते. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम अधिवेशनाप्रमाणे, म्हणजे देशादेशांतल्या कराराप्रमाणे, देशांनी एक तर कामाची कमाल मर्यादा, म्हणजे दिवसाला १४ तास आणि आठवड्याला ७२ तास, किंवा विश्रांतीची किमान मर्यादा, म्हणजे दिवसाला १० तास आणि आठवड्याला ७७ तास, ठरवून द्यायची असते. जहाजावर त्याचा तक्ता असतो: डाव्या बाजूला तारखा, वरती चोवीस तासांचे अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन, काम केले ते चौकोन भरायचे, महिनाअखेरीस खाली खलाशाची आणि वरिष्ठाची सही. आता तो बहुधा संगणकावर भरला जातो, आणि मर्यादा ओलांडली की चौकोन लाल होतो. लाल चौकोन बंदरातल्या तपासनिसाला दिसू नयेत म्हणून तास इकडचे तिकडे सरकवले जातात, हे या धंद्यातले उघड गुपित आहे. मी वाचलेल्या एका तक्त्यात तीन बंदरांच्या आठवड्यातही एका ऑयलरची (यंत्रांना तेल देणाऱ्या खलाशाची) विश्रांती दररोज हुबेहूब तीच होती, रात्री दहा ते सकाळी सहा आणि दुपारी दोन तास. आणि त्याच आठवड्याच्या इंजिन लॉगबुकात पहाटे तीन वाजता जनरेटरचा फिल्टर बदलल्याची नोंद त्याच्याच आद्याक्षरांनी होती. पुढे दावा आला की हाच नीटनेटका तक्ता ‘असाधारण ताण नव्हता’ याचा पुरावा म्हणून जोडला जातो, आणि त्याखाली खलाशाचीच सही असते. माझ्या टिपणात मी दोन्ही पाने शेजारी शेजारी लावली. तडजोड झाली, ती त्या पानांमुळेच झाली असे मी म्हणणार नाही, पण नंतर तक्त्याचा उल्लेख कोणी केला नाही.

दुसरा हमखास मुद्दा म्हणजे नोकरीपूर्वीची वैद्यकीय तपासणी. प्रत्येक करारापूर्वी कंपनीने नेमलेल्या दवाखान्यात खलाशाची तपासणी होते आणि ‘समुद्रावरील कामास योग्य’ असा शेरा मिळाल्याशिवाय त्याला चढता येत नाही. साहजिकच खलाशी म्हणतो, की मी निरोगी चढलो आणि आजारी उतरलो, मग आजार जहाजावरचाच. न्यायालये हे सरसकट मानत नाहीत. ही तपासणी वरवरची असते, माणसाच्या प्रकृतीचा सखोल शोध घेण्यासाठी नसते, म्हणून तिच्यातला शेरा म्हणजे आधी काही आजार नव्हता याचा निर्णायक पुरावा नव्हे, हे तत्त्व तिथे पक्के आहे. ते तर्काला धरून असले तरी मला ते एकतर्फी वाटते. तपासणी कंपनी करवते, कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे बऱ्याच अंशी तीच ठरवते, त्या निकालावर विसंबून ती माणसाला नऊ महिने राबवते. आणि पैसे द्यायची वेळ आली की तपासणी वरवरची होती असे तीच सांगते.

याच्या उलट बाजूला लपवाछपवी आहे, आणि ती खोटी नाही. माहीत असलेला जुना आजार जाणूनबुजून लपवला, तर मानक कराराच्या विसाव्या कलमानुसार भरपाईचा हक्क जातो. रक्तदाबाची गोळी चालू आहे असे सांगितले तर जहाज मिळणार नाही, या भीतीने ती गोळी फॉर्मवर न लिहिणारे बरेच आहेत. लपवणे म्हणजे माहीत असून न सांगणे. नुसते सांगायचे राहून जाणे वेगळे, हा फरक न्यायालये करतात. अमेरिकेत १९६८ च्या मॅककॉर्पेन खटल्यापासून याहून कडक पण स्पष्ट कसोटी आहे: खलाशाने वैद्यकीय माहिती जाणूनबुजून लपवली किंवा चुकीची सांगितली पाहिजे, ती माहिती नोकरी देण्याच्या निर्णयात महत्त्वाची असली पाहिजे, आणि लपवलेल्या विकाराचा आताच्या तक्रारीशी कार्यकारणसंबंध असला पाहिजे. ही तिसरी अट मला फार न्याय्य वाटते. मधुमेह लपवला म्हणून पाठीच्या मणक्याचे पैसे बुडू नयेत.

आतापर्यंतचे सगळे वाचून वाटेल की हा प्रश्न डॉक्टरांचा आहे. फिलिपिन्समधल्या बहुतांश खटल्यांचा निकाल मात्र दिनदर्शिकेवर लागतो. खलाशाने परतल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कंपनीने नेमलेल्या डॉक्टरपुढे हजर व्हावे. अंथरुणाला खिळला असेल तर त्याच मुदतीत एजन्सीला लेखी कळवावे. हे चुकले तर हक्क जातो. उपचार चालू असताना त्याला १२० दिवसांपर्यंत आजारपणाचा भत्ता मिळतो, तोही मूळ वेतनाइतका, म्हणजे ओव्हरटाइम आणि इतर भत्ते वगळून. या मुदतीत कंपनीच्या डॉक्टरने अंतिम मत द्यायचे असते: तंदुरुस्त, किंवा अमुक श्रेणीचे अपंगत्व.

डॉक्टरने काहीच सांगितले नाही तर काय, यावर तिथे दहा वर्षे घासाघीस झाली. २००५ मधल्या क्रिस्टल शिपिंग निकालाने सांगितले, की १२० दिवसांहून जास्त काळ माणूस आपले नेहमीचे काम करू शकला नाही तर त्याचे अपंगत्व कायमचे आणि पूर्ण. माणूस लुळापांगळा असण्याची गरज नाही. ज्या कामाची त्याला सवय आणि प्रशिक्षण आहे ते करून तो कमावू शकत नाही, हे पुरे. ऑक्टोबर २००८ च्या वेर्गारा निकालाने मुदत २४० दिवसांपर्यंत वाढू शकते असे म्हटले. कंपन्यांनी मग २४० दिवस हीच मुदत असल्यासारखे वागायला सुरुवात केली. शेवटी जुलै २०१५ मधल्या एल्बर्ग निकालाने घडी बसवली: डॉक्टरने १२० दिवसांत अंतिम मत द्यावे; सबळ कारण नसताना दिले नाही तर अपंगत्व कायमचे व पूर्ण; पुढील उपचारांची गरज असणे किंवा खलाशाने सहकार्य न करणे असे सबळ कारण असेल तर २४० दिवस, आणि ते कारण होते हे कंपनीने सिद्ध करायचे; तेही उलटले तर कारण काहीही असो, अपंगत्व कायमचे व पूर्ण. अपंगत्व दिवसांवर नव्हे तर केवळ श्रेणींवर ठरेल, असे वाक्य २०१० च्या करारात मुद्दाम घातलेले असूनही दिवस मोजणे थांबलेले नाही. डॉक्टरचे मत अंतिम आणि निश्चित असावे लागते, ‘तात्पुरती श्रेणी सुचवत आहे’ असले पत्र चालत नाही; आणि २०१८ च्या गेरे निकालाप्रमाणे ते खलाशाला रीतसर कळवलेलेही असावे लागते, कंपनीच्या कपाटात तयार असून भागत नाही.

म्हणून फाइल उघडली की मी आधी निदान वाचत नाही. परतीच्या विमानाची तारीख पाहते. १२१ व्या दिवसाचे पत्र असेल तर आजार कशाने झाला यावर लिहायचे टिपण बऱ्याचदा अर्ध्या पानात संपते. यावर ‘वैद्यकशास्त्राची थट्टा’ अशी टीका होते. मला ती पटत नाही. पन्नाशीतल्या माणसाच्या हृदयवाहिन्या वंशपरंपरेने किती बुजल्या, तंबाखूने किती आणि वॉचकीपिंगने, म्हणजे पाळीच्या पहाऱ्याने, किती, याचे उत्तर कोणताही डॉक्टर प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. अशा वेळी ज्याच्या हाती डॉक्टर, पैसा आणि माहिती आहे त्याला मुदत घालून देणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे.

तिसऱ्या डॉक्टरचे कलम मात्र मला नीट जमलेले वाटत नाही. खलाशाच्या स्वतःच्या डॉक्टरचे मत कंपनीच्या डॉक्टरपेक्षा वेगळे असेल, तर दोघांनी मिळून तिसरा निवडावा आणि त्याचे मत दोघांवर बंधनकारक राहील, अशी तरतूद आहे. २०१३ च्या दुमादाग निकालानंतर ही पायरी न चढता थेट दावा लावणाऱ्या खलाशाला कंपनीच्या डॉक्टरचेच मत स्वीकारावे लागते. पुढच्या वर्षी न्यायालयाने असे स्पष्ट केले, की खलाशाने आपला विरोध आणि तिसऱ्या डॉक्टरची इच्छा कळवली की पुढची हालचाल कंपनीने करायची. कागदावर हे छान आहे. व्यवहारात कंपनीच्या डॉक्टरने रोग्याला महिनोन्‌महिने पाहिलेले असते, स्कॅन काढलेले असतात, फिजिओथेरपीच्या नोंदी असतात. खलाशाचा डॉक्टर त्याला एकदा, वकिलाच्या सांगण्यावरून, पाहतो आणि दोन पानी प्रमाणपत्र देतो. न्यायालयांनी दीर्घ उपचारांच्या नोंदींना जास्त वजन द्यावे हे स्वाभाविक आहे. पण खलाशाकडे दुसरी बाजू उभी करण्याइतका पैसा नाही, एवढाच त्याचा अर्थ अनेकदा असतो. निवड दोन भांडणाऱ्या पक्षांवर सोडण्याऐवजी सरकारी यादीतून आळीपाळीने डॉक्टर नेमला गेला, तर निम्मे खटले तिथेच थांबतील असा माझा अंदाज आहे.

जहाजावरून उतरण्याच्या कारणाचाही एक घोळ असतो. साइन-ऑफच्या फॉर्मवर ‘वैद्यकीय’ की ‘करार पूर्ण’ यावर खूण करायची असते. पाठ दुखत असताना करार संपायला पंधरा दिवस राहिले असतील, तर कोणताही शहाणा खलाशी तक्रार करत नाही. तसे केले तर पुढच्या यादीत नाव येत नाही असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो निराधारही नाही. तो ‘करार पूर्ण’ वर खूण करून उतरतो, महिन्याभराने पायाला मुंग्या येऊ लागतात, आणि तपासणीत चकती सरकल्याचे दिसते. तोवर तीन दिवस केव्हाच उलटलेले असतात. ज्या जहाजाच्या सिकबेच्या (जहाजावरच्या दवाखान्याच्या) वहीत वेदनाशामक गोळ्या दिल्याची एक ओळ सापडते, तिथे काहीतरी आशा असते. म्हणून माझ्या ओळखीचे जे कोणी जहाजावर जातात त्यांना मी सांगते, की गोळी घेतली तर वहीत लिहवून घ्या, आणि त्या पानाचा फोटो स्वतःकडे ठेवा.

अपघात आणि आजार यांतली सीमाही वाटते तितकी सरळ नाही. कामगार संघटनांनी मालकांशी केलेल्या काही सामूहिक करारांत अपघाताने आलेल्या अपंगत्वाला मानक करारापेक्षा मोठी रक्कम असते. २०१० च्या इयेस्कास खटल्यात खलाशी अग्निशमन हायड्रंटची पंचवीस झाकणे डेकवरून वर्कशॉपमध्ये आणि परत नेत असताना त्याच्या पाठीत उसण भरली. न्यायालय म्हणाले, जड वस्तू उचलताना पाठ दुखावणे अनपेक्षित नाही, म्हणून हा अपघात नव्हे. सामूहिक करारातली मोठी रक्कम नाकारली आणि मानक करारातली दिली.

दुसऱ्या काही ठिकाणी आजार कामामुळे झाला का, हा प्रश्न मुळात विचारलाच जात नाही. अमेरिकी सागरी कायद्यातली ‘मेंटेनन्स अँड क्युअर’ ही जुनी जबाबदारी, जी १९०३ च्या ओसिओला निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मांडली, ती जहाजाच्या सेवेत असताना झालेल्या आजाराला लागू होते. आजार कामामुळेच झाला हे दाखवावे लागत नाही. उपचाराने जितके बरे होणे शक्य आहे तितके होईपर्यंत खर्च आणि उदरनिर्वाह मालकाने द्यायचा. १९६२ च्या वॉन खटल्यात क्षयरोग झालेल्या खलाशाच्या पत्रांना मालकाने दादच दिली नाही आणि तो पोटासाठी टॅक्सी चालवत राहिला. न्यायालयाने टॅक्सीची कमाई वजा करू दिली नाही आणि वकिलाचा खर्चही मालकावर टाकला. मात्र या जबाबदारीत कायमच्या अपंगत्वाचे एकरकमी पैसे येत नाहीत. २० ऑगस्ट २०१३ पासून लागू झालेले सागरी श्रम अधिवेशनही थोडेफार असेच आहे: सेवाकाळात झालेल्या आजाराचे उपचार मालकाकडे, आणि वेतनाची जबाबदारी मर्यादित करायची तर किमान सोळा आठवडे. १८ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दीर्घकालीन अपंगत्वासाठी आर्थिक हमीचे प्रमाणपत्र जहाजावर लावणे बंधनकारक केले, आणि करारातल्या रकमेपेक्षा कमी घ्यावी म्हणून दबाव आणू नये असेही म्हटले. पण ती हमी व्यावसायिक इजा, आजार किंवा धोका यांच्यापुरती आहे, म्हणजे ‘कामामुळे’ हा शब्द तिथे मागच्या दाराने परत येतोच. उपचारांसाठी कारण विचारायचे नाही, मोठ्या रकमेसाठी विचारायचे, ही विभागणी मला व्यवहार्य वाटते.

आमच्या बाजूची खरी तक्रार निकालानंतरच्या पैशांची आहे. लवादाने किंवा कामगार आयोगाने खलाशाच्या बाजूने दिलेला निकाल अपील चालू असतानाच अमलात यायचा, पैसे वाटले जायचे, आणि काही वर्षांनी वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला तर परत मिळवायला हातात काही उरायचे नाही. काही वकील बंदरात आणि विमानतळावर खलाशी गाठून दावे लावायला उद्युक्त करत, म्हणून २०१५ च्या कायद्याने त्यांची फी भरपाईच्या दहा टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सही झालेल्या फिलिपिनो खलाशांच्या ‘मॅग्ना कार्टा’ कायद्याने आणखी पुढे जाऊन, अपील प्रलंबित असताना रक्कम हवी असेल तर खलाशाने पुरेसा बाँड, म्हणजे निकाल फिरल्यास पैसे परत मिळण्याची हमी, द्यावा अशी तरतूद केली. वेतन आणि मालकाने कबूल केलेली रक्कम यांतून वगळली आहे. आमच्या कार्यालयात त्या दिवशी समाधानाचे वातावरण होते. फिरवलेल्या निकालांचे पैसे बुडतात हे मी स्वतः पाहिले आहे, त्यामुळे तक्रार खोटी नव्हती. पण ज्याचा आजार वादात आहे त्याच्यापाशी नेमका नोकरी आणि पगार हेच नसते, आणि बाँड देणारी कंपनी तारण मागते. ६०,००० डॉलरच्या बाँडसाठी तारण ठेवण्याइतकी मालमत्ता ज्या खलाशाकडे आहे त्याला ते पैसे तातडीने लागत नाहीत. ज्याला लागतात तो पहिल्याच निकालानंतर कमी रकमेच्या तडजोडीवर सही करतो, आणि आजार कामामुळे झाला होता की नाही हे मग कोणी ठरवतच नाही.